छोटे जेट, जुने मोठे विमान आणि वैमानिकाचे हात

झुवारीकाठ (धागाकर्ता)

गोव्यात ‘पायलट’ म्हटले की पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाडे मारणारा माणूस आधी डोळ्यांसमोर येतो, म्हणून सुरुवातीलाच सांगतो की हा धागा दुसऱ्या पायलटांविषयी आहे. मी मूळचा मुरगाव तालुक्यातला. दाबोळीला उतरणारी चार्टर विमाने चिखलीच्या सड्यावरून मोजत मोठा झालो. नोकरीची पहिली वर्षे ५० आसनी ईआरजे-१४५वर गेली, त्यानंतर ई-१७५ आले आणि आता दोन वर्षांपासून मी ए-३२० उडवतो आहे.

गेल्या महिन्यात मोपाला विमानाची वाट पाहत बसलो असताना एक ज्येष्ठ सहकारी सहज म्हणाले, “तुम्ही मंडळी खेळण्यांवर शिकून आलात.” त्यांचा रोख प्रादेशिक जेटांकडे, म्हणजे जवळच्या फेऱ्यांसाठीच्या छोट्या जेटांकडे होता. मला राग आला नाही, पण त्यांच्या बोलण्यातले वर्गीकरण पटले नाही. छोटे विरुद्ध मोठे अशी विभागणी करून आपण चुकीच्या जागी रेघ ओढतो, असे मला वाटते. वैमानिकाच्या हातांच्या दृष्टीने पाहिले तर खरी रेघ पिढ्यांमध्ये आहे.

ईआरजे-१४५चे उदाहरण घ्या. १९९५मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानाला ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा) नाही, चाकांना आपोआप लागणारे ब्रेक नाहीत, पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट (कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या पट्ट्या) नाहीत आणि शेपटीचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग) हायड्रॉलिक्सच्या मदतीशिवाय, केबलने आणि हाताच्या जोरावर चालतो. आता १९६५मध्ये प्रथम उडालेले डीसी-९ आठवा. त्यातही वैमानिक एलिव्हेटर थेट हलवत नाही, तर त्याच्या मागच्या कडेवरची छोटी पट्टी हलवतो आणि उरलेले काम वारा करतो. दोन्ही विमाने वेग राखण्याचे ओझे माणसावर टाकतात आणि दोन्हींत हवेचा दाब तळहाताला कळतो. तीस वर्षांचे अंतर असूनही ही भावंडे आहेत.

उलट ई-१७५चा कारभार पाहा. त्यात एलिव्हेटर आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) विजेच्या संदेशांवर चालतात, केबल उरते ती फक्त एलेरॉनसाठी, म्हणजे विमान बाजूला कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्यांसाठी. ऑटोथ्रॉटल आहे, खाली उतरण्याचा मार्ग संगणक आखतो आणि तो पाळतोही. मेंढ्याच्या शिंगांसारखा दिसणारा तो योक, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात धरला असला, तरी मला त्यावरून ए-३२०वर येताना फार अडले नाही. अडले ते आधी, ईआरजेवरून ई-१७५वर येताना, आणि ही दोन्ही तर एकाच कारखान्यातली ‘प्रादेशिक जेट’ म्हणवली जातात. पहिले काही आठवडे माझा उजवा हात थ्रस्ट लिव्हरवरून (इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवरून) निघतच नव्हता. प्रशिक्षकांनी शेवटी हसून विचारले की, आपण यंत्राला मदत करता आहात की त्याच्यावर पाळत ठेवता आहात?

माझा प्रश्न असा की, ज्यांनी जुनी मोठी विमाने प्रत्यक्ष उडवली आहेत, त्यांना ही विभागणी पटते का?

प्रतिसाद १ : बार्देसचा परदेशी

धागा वाचून आनंद झाला. मी म्हापशाचा, अमेरिकेत येऊन वीस वर्षे झाली. सात वर्षे सीआरजे-२०० हे प्रादेशिक जेट उडवले आणि आता बोइंगची मोठी ७५७ व ७६७ उडवतो; इथे या दोन्हींसाठी एकच टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान उडवण्याचा परवाना) चालते. पिढीचा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य आहे, परंतु वजनाला आपण फारच लवकर निकालात काढलेत.

सीआरजे-२०० उतरताना साधारण २० ते २१ टनांचे असते आणि त्याचा उतरतानाचा अंतिम वेग १४० नॉटच्या (तासाला सागरी मैलांच्या) आसपास असतो. आपले ए-३२० साठ टनांच्या वर असूनही जवळपास त्याच वेगाने उतरते. कारण आपण ईआरजेबद्दल लिहिलेत तेच, यालाही स्लॅट नाहीत. त्यामुळे सीआरजे-२०० नाक क्षितिजाखाली घालून, धावपट्टीत घुसणार असल्यासारखे खाली येते आणि वैमानिकाला अगदी शेवटी ते नाक वर आणावे लागते. लवकर उचलले तर विमान तरंगत राहते, उशिरा उचलले तर नाकाचे चाक आधी टेकण्याची भीती. ७५७ मात्र ऐंशी-नव्वद टन वजन घेऊन १३० नॉटच्या आसपास, नाक वर ठेवून शांतपणे येते. त्याच्या चार-चार चाकांच्या चौकटीची मागची चाके आधी टेकतात. ७६७मध्ये ती चौकट उलटी कललेली असल्यामुळे पुढची चाके आधी टेकतात, म्हणून एकच परवाना खिशात असूनही या दोन विमानांचे उतरणे सारखे नाही. माझी ७६७ची पहिली काही लँडिंग प्रवाशांच्या लक्षात राहिली असतील.

दुसरी गोष्ट इंजिनांच्या जागेची. सीआरजेची इंजिने शेपटीजवळ, उंचावर आहेत, त्यामुळे जोर वाढवला की नाक किंचित खाली जाऊ पाहते. पंखाखाली इंजिने असलेल्या ७५७ला जोर दिला की नाक वर उसळते. गो-अराउंडच्या, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढण्याच्या क्षणी हा फरक फार मोठा असतो. सात वर्षांत हाताला लागलेली योक ओढण्याची सवय मोडायला मला वर्ष लागले, आणि ती सिम्युलेटरमध्ये मोडली हे नशीब.

तिसरी गोष्ट ताकदीची. ७५७च्या वैमानिकाजवळ जोर नेहमी शिल्लक असतो. सीआरजे-२०० गरम दिवशी २५ हजार फुटांच्या वर अक्षरशः रांगत चढते. १४ ऑक्टोबर २००४ रोजी पिनॅकल कंपनीचे एक रिकामे सीआरजे-२०० लिटल रॉकहून मिनियापोलिसला नेताना दोघा वैमानिकांनी ते ४१ हजार फुटांवर, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेवर नेले. तिथे वेग घटत गेला, विमान स्टॉल झाले (पंखांची उचल सुटली), दोन्ही इंजिने विझली आणि पुन्हा सुरू झाली नाहीत. मिझुरीतील जेफरसन सिटीजवळ ते कोसळले आणि दोघेही गेले. आपल्या सहकाऱ्यांच्या ‘खेळणे’ या शब्दाला माझी हरकत आहे ती इथे. हे विमान चूक पदरात घेत नाही, उलट मोठे विमान बऱ्याच चुका पोटात घालते.

जाता जाता एक गंमत सांगतो. ७५७ पहिल्यांदा उडाले १९ फेब्रुवारी १९८२ला आणि आपल्या ई-१७५चे थोरले भावंड ई-१७० उडाले १९ फेब्रुवारी २००२ला. बरोबर वीस वर्षे.

प्रतिसाद २ : आल्तिनोवरचा निवृत्त

मी ७३७-२०० आणि ए-३०० उडवले. वयाने येथील सर्वांत मोठा असेन, तेव्हा थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

इंडियन एअरलाइन्सकडे ए-३०० आले १९७६मध्ये. त्यात आम्ही तिघे असायचो, दोन वैमानिक आणि मागे बाजूच्या पटलासमोर फ्लाइट इंजिनिअर. इंधन, वीज, हवेचा दाब हे सारे तो पाहायचा. दोन्ही धाकट्या मित्रांच्या लिखाणात हा तिसरा माणूस कुठेच आलेला नाही. मोठे जुने विमान सोपे वाटायचे याचे अर्धे श्रेय वजनाला किंवा ताकदीला असेल, उरलेले त्या तिसऱ्या डोक्याला आहे. काही बिघडले की एकजण विमान उडवायचा, दुसरा बोलायचा आणि तिसरा विचार करायचा. १९८९मध्ये ए-३२० आले आणि तिसरी खुर्ची गेली. तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी नाके मुरडली, मीही मुरडले. आता मात्र मला वाटते की दोघांच्या कॉकपिटची खरी शाळा छोट्या जेटांनीच घातली, कारण त्यांत तिसरा माणूस कधी नव्हताच.

७३७-२००बद्दल झुवारीकाठ यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. त्याच्या लांबट, सिगारसारख्या इंजिनांना जोर धरायला वेळ लागायचा. निष्क्रिय स्थितीतून पूर्ण जोर मिळायला सात-आठ सेकंद जायचे आणि उतरताना सात-आठ सेकंद म्हणजे फार मोठा काळ असतो. म्हणून आम्ही लिव्हर पूर्ण मागे घेऊन कधीच खाली येत नसू. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) आणि चाके लवकर बाहेर काढून, त्यांच्या विरोधात इंजिने जागी ठेवून येत असू. सरावात हायड्रॉलिक्स बंद करून केवळ केबलवर विमान सांभाळायचा प्रसंग यायचा, तेव्हा दोघांनी मिळून योक ओढावा लागे. दुसऱ्या दिवशी खांदे बोलायचे.

दाबोळीचे एक वैशिष्ट्य नव्या लोकांना ठाऊक नसेल. तो तळ नौदलाचा, त्यामुळे सकाळचे कित्येक तास सरावासाठी राखलेले असायचे आणि आमची उतरण्याची वेळ घड्याळावर ठरायची, वाऱ्यावर नव्हे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा नाकावर घेत २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर समुद्राच्या दिशेने उतरायचे, पलीकडे पठार संपते आणि खाली बोगमाळोचे पाणी. साडेतीन किलोमीटरच्या जवळपास धावपट्टी असूनही त्या टोकाकडे पाहताना ब्रेकवरचा पाय आपोआप घट्ट व्हायचा.

थोडे विषयांतर. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळीची धावपट्टी उखडली, तेव्हा पोर्तुगीजांची दोन मोठी विमाने तिथे उभी होती, एक चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४. त्याच रात्री दोन्ही विमाने शिल्लक राहिलेल्या तुकड्यावरून उडून कराचीला निसटली. शत्रूपक्षाचे असले तरी त्या वैमानिकांचे हात जुन्या घडणीचे होते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

प्रतिसाद ३ : डिचोलीची प्रवासी

मी वैमानिक नाही, परंतु कामानिमित्त महिन्यातून चार वेळा विमानाने जाते आणि आपली चर्चा मन लावून वाचते आहे. माझे दोन साधे प्रश्न आहेत. परदेशात एकदा सीआरजे-२००मध्ये बसले, तर खिडकी कोपराच्याही खाली होती आणि बाहेर पाहायला मान मोडावी लागत होती, असे का? आणि पावसाळ्यात घाटावरून येताना छोटे विमान मोठ्यापेक्षा जास्त हादरते, हा माझा अनुभव खरा की मनाचा खेळ?

प्रतिसाद ४ : हँगरवाला

ताई, दोन्ही प्रश्न वैमानिकांपेक्षा आम्हा देखभालवाल्यांच्या जवळचे आहेत, म्हणून मी उत्तर देतो.

सीआरजे हे मुळात चॅलेंजर नावाच्या खाजगी जेटला लांब करून बनवलेले विमान आहे. पन्नास माणसे बसवायची म्हणून आतली जमीन आणि खुर्च्या बदलल्या, परंतु खिडक्यांची उंची प्रवाशाच्या डोळ्यांशी जुळली नाही. ई-१७५चा सांगाडा पहिल्यापासून विमान कंपन्यांसाठी आखलेला असल्यामुळे तिथे ही अडचण नाही.

हादरण्याचा अनुभव खरा आहे. विमान किती हादरेल हे त्याच्या एकूण वजनापेक्षा पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन पडते यावर ठरते. एटीआर-७२ या प्रोपेलरच्या छोट्या विमानात ते पूर्ण भारात सुमारे ३७५ किलो, सीआरजे-२००मध्ये सुमारे ५०० किलो आणि ए-३२०मध्ये सुमारे ६३० किलो भरते. म्हणजे हवेचा तोच झटका एटीआरला अधिक उचलतो. शिवाय एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जातच नाही, म्हणून पावसाळी ढगांच्या पोटातून त्याला जास्त वेळ जावे लागते. याचा अर्थ ते कमी सुरक्षित आहे असा नाही, चहा अर्धा कप घ्यावा इतकाच.

आता वैमानिक मंडळींसाठी. ओल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग काढायचा जुना नियम असा की, टायरमधील दाब दर चौरस इंचाला पौंडात घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि नऊने गुणावे, म्हणजे उत्तर नॉटमध्ये मिळते. ए-३२०च्या मुख्य टायरमध्ये दोनशेच्या आसपास दाब असतो. १९६ धरला तर वर्गमूळ १४ आणि वेग १२६ नॉट. कमी दाबाच्या टायरसाठी समजा १४४ धरला, तर वर्गमूळ १२ आणि वेग १०८. म्हणजे मोठे विमान उतरल्यावर १२६ नॉटपाशीच जमीन पकडू लागते, तर हलक्या विमानाला त्यासाठी १०८पर्यंत थांबावे लागते. बार्देसच्या परदेशींचे सीआरजे १४० नॉटने टेकत असेल आणि त्याला आपोआप लागणारे ब्रेकही नसतील, तर जुलैच्या सरीत त्याच्या वैमानिकाला ती पहिली काही सेकंदे किती लांब वाटत असतील याचा विचार करावा.

आणि ‘जुने’ या शब्दाविषयी. आम्ही विमानाचे वय वर्षांत मोजत नाही, किती वेळा उडाले आणि उतरले यात मोजतो, कारण प्रत्येक फेरीत सांगाडा फुग्यासारखा फुगतो आणि पुन्हा बसतो. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२००चे छत हवेत उडाले, त्या विमानाच्या ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या. बेटाबेटांमध्ये छोट्या उड्या आणि सतत खारी हवा, अशी त्याची नोकरी होती. थोडक्यात, ते मुख्य कंपनीचे मोठे विमान असूनही प्रादेशिक विमानाचे आयुष्य जगत होते. खाऱ्या हवेचे दुखणे आम्हा किनाऱ्यावरच्यांना वेगळे सांगायला नको, गोव्यात घराच्या खिडकीचे गजसुद्धा चार पावसाळ्यांत गंजतात.

प्रतिसाद ५ : झुवारीकाठ

हँगरवाल्यांचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला. निवृत्त काकांचा तिसऱ्या माणसाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. माझी रेघ त्यामुळे थोडी सरकली, पण पुसली गेली असे मात्र वाटत नाही.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली. प्रादेशिक जेटचा आकार अभियंते ठरवतात असे आपण धरून चाललो आहोत, प्रत्यक्षात तो बराचसा कायद्याने ठरतो. आपल्याकडे ८०पेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत फेरीसाठी लँडिंग शुल्क पडत नाही, आणि ४० हजार किलोपेक्षा कमी उड्डाणवजनाच्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर अगदी कमी लागतो, तर मोठ्या विमानाला राज्याराज्यांत त्याच्या कितीतरी पट मोजावा लागतो. ७६ आसने आणि ४० टनांना लागून असलेले वजन, असे ई-१७५ या दोन्ही कुंपणांच्या आत नेमके बसते. त्याचे थोरले भाऊ ई-१९० बाहेर पडते. पॅरामाउंट एअरवेजने २००५मध्ये दक्षिणेत ई-१७० आणि ई-१७५ आणली, तेव्हा तिकिटे फक्त बिझनेस श्रेणीची ठेवूनही तिचा हिशेब काही काळ बसला, त्यामागे हीच मेख होती. तेव्हा “तुम्ही छोटे विमान का उडवता” याचे अर्धे उत्तर वैमानिकाकडे नसून कर खात्याकडे आहे.

प्रतिसाद ६ : बार्देसचा परदेशी

कुंपणाचा मुद्दा आपण काढलात म्हणून सांगतो, अमेरिकेत हेच कुंपण सरकारने नव्हे, तर वैमानिकांच्या संघटनांनी घातले आहे. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांशी झालेल्या करारांत असे कलम असते की, कंपनीच्या नावाने कंत्राटदार उडवतील ती विमाने ७६ आसनांच्या आणि ८६ हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३९ टनांच्या आत असावीत. आपली सीमा ४० टन आणि तिकडची ३९. हेतू वेगवेगळे आहेत, पण कात्रीत एकच विमान सापडले आहे.

याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ई-१७५ बनवणाऱ्या एम्ब्रायरने नवे, कमी इंधन पिणारे ई-१७५-ई२ बनवले, परंतु नव्या इंजिनांच्या ओझ्याने त्याचे वजन ४४ टनांच्या वर गेले आणि अमेरिकेच्या कुंपणात ते मावेना. मित्सुबिशीचे स्पेसजेटही त्याच भिंतीवर आदळले आणि २०२३मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. सीआरजेचे उत्पादन २०२१मध्ये थांबले. परिणामी अमेरिकेतील प्रादेशिक कंपन्या आजही जुने ई-१७५ नवे कोरे विकत घेतात. सीआरजे-७००मधली सत्तरपैकी वीस आसने काढून त्याला सीआरजे-५५० असे नाव देण्याचा प्रकारही याच करारातून जन्मला. विमानातून खुर्च्या काढून ते कायदेशीर होते, हे आमच्या म्हापशाच्या बाजारात कुणाला सांगितले तर पटणार नाही.

पगाराचे सांगायचे तर, त्याच धावपट्टीवरून, त्याच पावसात, शेपटीवर त्याच कंपनीचे चिन्ह लावून मी दिवसाला पाच-सहा फेऱ्या करत होतो तेव्हाचा पगार आणि आता दोन फेऱ्यांचा पगार, यांची तुलना केली तर माझे उड्डाणकौशल्य एका रात्रीत कित्येक पटींनी वाढले असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात माझे हात सीआरजेवर असताना जास्त तयार होते. दिवसाला सहा लँडिंग करणारा माणूस आणि महिन्याला सहा करणारा माणूस यांत फरक पडणारच.

प्रतिसाद ७ : उजवी_खुर्ची

मी फोंड्याची. व्यावसायिक परवाना नुकताच मिळाला आहे आणि खात्यावर २००हून थोडे अधिक तास आहेत. एटीआरची संधी समोर आहे. घरचे आणि मैत्रिणी म्हणतात की, थोडे थांब, थेट ए-३२० मिळेल. येथील चर्चा वाचून मी अधिकच गोंधळले आहे, कारण अमेरिकेत तर १,५०० तासांशिवाय कंपनीच्या विमानात बसताच येत नाही असे ऐकले आहे. मग आम्ही २०० तासांवर थेट मोठ्या विमानात जाणे योग्य आहे का?

प्रतिसाद ८ : बार्देसचा परदेशी

१,५०० तासांच्या नियमामागे १२ फेब्रुवारी २००९चा अमेरिकेतील बफेलोचा अपघात आहे. कोल्गन कंपनीच्या क्यू-४०० या प्रोपेलरच्या विमानात वेग घटल्याची सूचना मिळाल्यावर कप्तानाने नाक खाली घालण्याऐवजी योक ओढला आणि जमिनीवरच्या एका माणसासह ५० जण गेले. त्या दोन्ही वैमानिकांकडे १,५००पेक्षा अधिक तास होते, हे लोक विसरतात. तास म्हणजे पुरावा नव्हे. माझे मत विचारत असाल तर एटीआर घ्यावे. दोन-तीन वर्षांत आपल्याला क्रॉसविंड (आडवा वारा), छोट्या धावपट्ट्या आणि हवामान यांचे जे दर्शन घडेल, ते मोठ्या विमानात दहा वर्षांत घडत नाही. लक्षद्वीपमधील अगत्तीची सुमारे १,२०० मीटरची धावपट्टी ए-३२०वाल्याने फक्त नकाशात पाहायची.

प्रतिसाद ९ : झुवारीकाठ

मी येथे थोडा वेगळा सूर लावतो. एटीआर उत्तम, पण ए-३२०ची खुर्ची हातातोंडाशी आली असेल तर ती नाकारू नये, कारण ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवर चालते आणि ती तारीख परत मिळत नाही. मी माझी वर्षे छोट्या जेटवर आनंदाने घालवली, तरी आज माझ्यापेक्षा वयाने लहान कप्तानांच्या शेजारी बसतो, हेही खरे आहे. मात्र “थांब, मिळेल” याला आलेली खुर्ची म्हणत नाहीत. केवळ आशेवर थांबू नये.

प्रतिसाद १० : आल्तिनोवरचा निवृत्त

मुली, खुर्ची कोणतीही मिळो, डोक्यातला हिशेब सोडू नकोस. आमच्या ७३७-२००मध्ये आणि परदेशींच्या सीआरजेमध्ये तो करावाच लागे. आता संगणक करतो, म्हणून तो चुकला की लक्षात येत नाही. एक गणित देतो. जुलै महिना आहे, हैदराबादहून मोपाला येते आहेस, उंची ३३ हजार फूट, विमान ए-३२०, धावपट्टी २८ आणि सरळ समोरून उतरायचे आहे. किती मैलांवर उतरायला सुरुवात करशील?

प्रतिसाद ११ : उजवी_खुर्ची

काका, दर हजार फुटांना तीन मैल या नियमाने ३३ गुणिले ३ म्हणजे ९९. वेग कमी करण्यासाठी १० मैल धरले तर १०९. पावसाळ्यात वर पूर्वेचा वारा असतो, म्हणजे तो पाठीमागून येईल. सरासरी ३० नॉट धरला आणि उतरायला वीस मिनिटे लागली, तर आणखी १० मैल. एकूण ११९. बरोबर आहे का?

प्रतिसाद १२ : आल्तिनोवरचा निवृत्त

वर पूर्वेचा वारा धरलास हे फार चांगले केलेस, पुष्कळांना ते सुचत नाही. पण तो वीस मिनिटे पाठीशी राहणार नाही. साधारण २० हजार फुटांच्या खाली आलीस की मोसमी पश्चिमेचा वारा सुरू होतो आणि तो तुझ्या नाकावर असेल. वरच्या दहा मिनिटांत मिळालेले पाच मैल खालचा वारा परत मागून घेतो. तेव्हा ११० धर. सह्याद्रीच्या माथ्यासाठी ठरवलेली किमान उंची चार्टवर आधी पाहून ठेव, आणि कंट्रोलरने लवकर खाली बोलावले तर हे सगळे विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घे.